झाकणाचा नियम

“झाकणाले हात लावला तर मनगट तोडून हाती देईन!” मृणाल ओरडली, आणि माझा हात जिथे होता तिथेच राहिला. मी तसा भित्रा माणूस नाही. माझा पंप विकायचा धंदा. नरखेड तालुक्यातल्या एका विहिरीत पंप उतरवताना नागाशी नजरानजर झाली, तेव्हा आधी पापणी नागाने लववली, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो आहे आणि अजून एकाही नागाने ते खोडून काढलेलं नाही. पण त्या रविवारी दुपारी मी हात मागे घेतला. नागपुरात सदरमध्ये चष्म्याच्या दुकानावरचं ते घर. टेबलाच्या मधोमध स्टीलचा गंज, म्हणजे आमच्याकडे ज्यात वरण शिजतं ते पातेलं. त्यावर झाकण, आणि झाकणावर मृणालचे दोन्ही तळवे. आत फासे पडून थांबले होते. काय दान पडलं ते आम्हा चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. समोर तिचा नवरा, माझा शाळेपासूनचा मित्र प्रशिक, खुर्चीला पाठ टेकून बसला होता. छातीवर ताण येऊ नये म्हणून त्याला तसंच बसायला सांगितलं होतं. “पहिले बोल,” तो म्हणाला, “मग उघडू.” ती म्हणाली, “नाही बोलत.” “मग नाही उघडत.” ...बुधवारी त्याचं ऑपरेशन होतं.

प्रशिकला जाऊन आता सहा महिने उलटून गेले. भेटायला येणारे विचारतात, तो नेमकं करायचा काय? पोटापाण्यासाठी तो एका छापखान्यात लग्नपत्रिकांची मांडणी करायचा. नागपुरातले निम्मे संसार त्याच्या हातून सुरू झाले आणि उरलेल्या निम्म्यांतल्या मामालोकांची नावं त्याने दुरुस्त केली. पण जीव सगळा खेळात. हा खेळ पत्त्यांचा नाही, कॅरमचा नाही, मोबाइलवरचा तर नाहीच. टेबलाभोवती चार माणसं बसतात. तिघं एकेक पात्र घेतात. चौथा सूत्रधार, तो जग सांगतो: समोर दार आहे, आतून कोणीतरी खोकतं आहे, काय करता? तुम्ही काय करता ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. एवढंच. बाहेर देशोदेशी याचं मोठं प्रस्थ आहे, उशीएवढी जाड पुस्तकं निघतात. प्रशिकने ती मागवून वाचली आणि मला म्हणाला, “यांचे राक्षस चांगले आहेत गा, पण त्यायले भेटायले एसटीनं जाता येत नाही.” म्हणून त्याने स्वतःचा खेळ रचायला घेतला, ‘नसलेलं गाव’. काटोलहून नरखेडकडे निघालेली एसटी संत्र्यांच्या बागांत बंद पडते, आणि प्रवासी पायी चालत जिथे पोचतात ते गाव कुठल्याच नकाशात नाही. मी ड्रायव्हर दामोदर. मृणाल कंडक्टर कुसुम. प्रशिकचा मावसभाऊ चेतन बकऱ्यांचा व्यापारी, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या बकरीला संवाद जास्त.

खेळ रचायला तो खेळांकडून फारसं शिकलाच नाही, आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच होती. त्याचे बाबा काटोलच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, लाऊडस्पीकरवर गाड्या पुकारायचे. त्यांच्या आवाजाला अशी जरब की पुकारा झाला की नरखेडची गाडी ड्रायव्हर चढायच्या आधीच फलाटाला लागायची. गाडीला उशीर झाला की बाबा एवढंच म्हणायचे, “नरखेडला जाणारी गाडी...” आणि थांबायचे. मग, “...अजून आलेली नाही.” कारण कधी सांगायचे नाहीत. त्या मधल्या थांब्यात अख्खा फलाट कारणं काढायचा. कोणाच्या हिशेबाने पूल खचलेला असायचा, कोणाच्या हिशेबाने ड्रायव्हर सासुरवाडीला जेवायला उतरलेला असायचा, आणि संत्र्यांचे क्रेट घेऊन बसलेली एक बाई तर दरवेळी गाडी उलटवूनच मोकळी व्हायची. आम्ही दोघं शाळेच्या चड्डीत केबिनच्या पायरीवर बसून हे ऐकायचो. मोठेपणी प्रशिक म्हणायचा, “बाबा कहाणी नव्हते सांगत. जागा सोडत होते. भरत होते लोक.”

त्याच केबिनमध्ये रेडिओ होता, आणि रेडिओवर क्रिकेट. तुम्ही ऐकलं असेल तर आठवेल: आधी मैदानातला गलका ऐकू येतो आणि मग समालोचक सांगतो काय झालं ते. चौकार की दांडी गुल? त्या मधल्या श्वासावर प्रशिकचा फार जीव. टीव्ही आल्यावर सगळं काटोल खूश झालं, हा एकटा रुसला. पुढे आम्ही झाडीपट्टीतली, रात्रभर चालणारी नाटकं पाहायला गेलो. तिथे खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला सकाळी टपरीवाला चहा देईना, इतकं लोकांनी त्याचं वैर मनावर घेतलेलं. प्रशिकने त्या नटाला आपल्या पैशाने चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि परतीच्या वाटेवर जाहीर केलं की आपल्या खेळातला वाईट माणूस पहिले आपल्याले चहा पाजंल, मगच वाईट वागंल. नसलेल्या गावच्या पाटलाने आम्हाला असे तर्री-पोहे खाऊ घातले होते, की त्याने विहिरीवर पहारा बसवला तेव्हा त्याच्यावर हात उचलायला मन होईना.

सिनेमाच्या मध्यंतरावर तर त्याचा स्वतंत्र सिद्धांत होता. तो म्हणायचा, “अर्धा सिनेमा समोशाच्या रांगेत होते. लोक तिथे पुढचं रचून राहतात, आणि त्यायनं रचलेलं पडद्यावरच्यापेक्षा भारी असते.” म्हणून दोरी तुटायला आली, दाराची कडी वाजली, अशा नेमक्या जागी तो उठायचा आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला जायचा. आम्ही इकडे घाबरून बडबडायचो, आता हे होईल, आता ते होईल. तो तिकडे आलं किसत कान देऊन ऐकायचा, आणि आम्ही ज्याला सगळ्यांत जास्त भ्यायलो असू तेच कपांसोबत घेऊन यायचा. आमची भीती आमच्याच चहात बुडवून वाढणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

या सगळ्यातून शेवटी झाकणाचा नियम निघाला. फासे उघड्यावर टाकायचे नाहीत. गंजात टाकून झाकण लावायचं, खळाखळा हलवायचं आणि टेबलावर ठेवून द्यायचं. दान पडलं, आवाज सगळ्यांनी ऐकला, पण दिसत नाही. आता ज्याचं नुकसान व्हायचं आहे त्याने आधी बोलायचं: दान उलटं पडलं असेल तर मी पुढे काय काय करीन. ते बोलल्याशिवाय झाकण निघत नाही. आणि जे बोललं ते बंधनकारक. उलटं पडलं की बोललेलं सगळं करायचं, एक शब्द इकडेतिकडे नाही, सूत्रधारालाही सूट नाही. मी एकदा ऐटीत बोलून गेलो की गाडी सुरू झाली नाही तर दामोदर रोज बकरीच्या पाया पडेल. त्यानंतर कित्येक रविवार दामोदर बकरीच्या पाया पडूनच गाडीत चढला, आणि बकरीच्या वतीने चेतन आशीर्वाद द्यायचा.

मृणालला हा नियम पहिल्या दिवसापासून डाचायचा. ती कॉलेजात गणित शिकवते. तिचं म्हणणं सरळ होतं: फासे पडून गेले आहेत, झाकणाखाली जे आहे ते आहे, आता तोंडाने बोलून त्यात काय फरक पडणार? उगाच माणसाचं काळीज कुरतडायचे धंदे. प्रशिक फक्त म्हणायचा, “बोलून तर पाहा.” आणि खेळात ती बोलायची, कुसुम कंडक्टरने एकदा तर घंटी वाजवत पाटलाच्या दारात उपोषणाला बसायचं कबूल केलं होतं. कुरकुर करायची, पण बोलायची.

मग प्रशिकच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या. काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगली होती. फुटेल केव्हाही, म्हणाले. ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यातही धोका आहे. डॉक्टरांनी एक आकडा सांगितला, दहातून इतके वगैरे. त्या तपासणीच्या खोलीत आम्ही चौघांनी जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. आम्ही तो आकडा मनातल्या मनात फाशांवर बसवला. चेतन तर मोठ्याने बोलला, “एवढं तर आपण बकरीसाठीही पाडतो.” मी हसलो. प्रशिक हसला. डॉक्टरांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. जिना उतरताना आम्हाला ते दान अगदी सोपं वाटू लागलं होतं. टेबलावर याहून अवघड दानं आम्ही चहा पिता पिता पाडली होती. मागून मृणालचा आवाज आला, “हे एकदाच टाकायचं आहे.”  

खाली रिक्षा आणायला मृणाल आणि चेतन पुढे गेले, तेव्हा प्रशिक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. मी बाजूला बसलो. तो हळूच म्हणाला, “मी मरायले नाही भेत. पण मी गेलो तर ही काय करंल, ते मले माहीत नाही. तिलेही माहीत नाही. विषय काढला का ती कुकर लावते. दिवसातून पाचदा कुकर लावून राहिली ती... मले ते एकदा तिच्या तोंडून ऐकून जायचं आहे. बस.” मी त्याला म्हणालो की तू कुठेच जात नाहीस, तुझ्या शंभरीच्या पत्रिकेचा मायना मी लिहीन. तो म्हणाला, “तू बाता मार. पण ती बोलली पाहिजे.”

आणि म्हणून तो रविवार. खेळ सुरू झाला तेव्हाच मला कळलं होतं की आज सूत्रधाराच्या मनात काहीतरी आहे, कारण त्याने बकरीला एकदाही बोलू दिलं नाही. दामोदर ड्रायव्हर, म्हणजे मी, गावच्या विहिरीत पडलो. दोरीचं दुसरं टोक कुसुमच्या हातात. दोरी जुनी, काठ ओला. प्रशिक सांगत होता, पण हळू, एकेक वाक्य टाकून थांबत. दोरीचा एक पीळ सुटतो... दुसरा सुटतो... खाली दामोदरचा आवाज येईनासा होतो. मग त्याने फासे गंजात टाकले, हलवले, ठेवले. मृणालकडे वळून म्हणाला, “दोरी तुटली असंल तर कुसुम काय करते? दामोदर नाही. गाडी आहे, घर आहे, घरी त्याची आई आहे. बोल.” खरं तर दामोदरला आई नव्हती. दामोदर अनाथ आहे हे मीच पहिल्या दिवशी ठरवलेलं. आई होती ती प्रशिकला, आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात शेवग्याच्या शेंगा. त्यांनाही कळलं. चेतनने झाकणाकडे पाहिलं, मी हात पुढे केला, म्हटलं उघडून टाकू आणि मोकळं होऊ, आणि मृणाल ओरडली.

मनगटाचं ते बोलून झाल्यावर तिचा आवाज उतरला. ती म्हणाली, “हे विहिरीचं नाही. तू बुधवारचं विचारून राहिला.” प्रशिक म्हणाला, “हो.” “खेळात घालून विचारते का कोणी?” तो म्हणाला, “तसं विचारलं तर तू कुकर लावते.” खाली दुकानात कोणीतरी चष्मा लावून पाटीवरची अक्षरं वाचत होतं, ती आम्हाला वर स्पष्ट ऐकू येत होती. मग मृणालने झाकणासकट गंज उचलला, आत नेला आणि खोलीचं दार लावून घेतलं. प्रशिकने दारापाशी जाऊन हाक मारली नाही. टेबलावर बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत तो तसाच बसून राहिला, आणि सोमवार-मंगळवार त्या घरात गोळ्या घेतल्या का, पाणी देऊ का, याच्यापलीकडे नवराबायकोत शब्द नाही, असं आईंनी मला फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही समजवा नं तिले.” जन्मभर मी पंपांपासून नागांपर्यंत सगळ्यांना पटवत आलो, पण त्या फोनवर मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात. आई डोळे मिटून मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणत होत्या. प्रशिकला हिरवा झगा घातलेला, हाताला सुई. स्ट्रेचर घेऊन दोघं आले तेव्हा त्याने मृणालकडे पाहिलं. काही विचारलं नाही, फक्त पाहत राहिला. स्ट्रेचरवाले वाट पाहू लागले, नर्स वाट पाहू लागली. मृणाल भिंतीला टेकून उभी होती. आणि एकदम ती बोलायला लागली, इतक्या मोठ्याने की शेजारच्या वॉर्डातला एक म्हातारा बसता झाला. “तू गेला तर पहिले रडीन. किती ते नाही सांगत. मग स्कूटर शिकीन. कोणी आणून सोडंल म्हणून वाट पाहणार नाही. आई माझ्याजवळच राहतील, काटोलवाल्यायनं कितीही ओढलं तरी. तुझे शर्ट चेतनले देणार नाही, त्याले घाम फार येते. रविवारी दार उघडं ठेवीन, हे येतील,” तिने माझ्याकडे बोट केलं, “यायच्या फेका ऐकीन.” ती श्वास घ्यायला थांबली. “आणि तुझा खेळ मी पुरा करीन. छापून आणीन. अन् त्यातून हा झाकणाचा नियम काढून टाकीन. कोणाच्या तोंडून असं वदवून घेऊ देणार नाही मी. ऐकलं?”

प्रशिक म्हणाला, “ऐकलं.” मग स्ट्रेचरवाल्याला म्हणाला, “चला भाऊ.” जाताना त्याचा चेहरा... आता मी त्याचं वर्णन करायला बसलो तर तुम्ही म्हणाल याने वाढवून सांगितलं. तर राहू द्या. लग्नाच्या दिवशीही तो इतका निवांत नव्हता, एवढं सांगतो.

दुपार टळली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. आमच्यापुढे उभे राहिले आणि क्षणभर काही बोलले नाहीत. अशा थांब्यात काय काय भरायचं हे आम्हा काटोलच्या पोरांना लहानपणापासून पाठ. पण त्या वेळी मी काहीच भरलं नाही. मृणालने आईंचा हात धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, “सांगा.” त्यांनी सांगितलं.

रविवारी दार उघडं असतं. आम्ही जातो. पहिल्या रविवारी कोणाला काही सुचेना, तेव्हा तिनेच मला म्हटलं, “तुमची नागाची गोष्ट सांगा.” मी सांगितली, नाग थोडा लांबवून. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, पण संपेपर्यंत बसली. आई तिथेच आहेत. आईंना इकडे पाठवा म्हणून काटोलहून दिरांचा फोन आला की मृणाल फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दोन मिनिटांत परत येते. स्कूटर ती शिकली. शिकताना चष्म्याच्या दुकानाची पाटी पाडली, आणि दुकानदाराने पाटी उचलून तिलाच विचारलं की ही दिसली नाही का. शर्ट कपाटात आहेत. चेतनने एकदा सहज विषय काढला, तिने त्याला पंख्याखाली बसायला सांगितलं.

मागच्या रविवारी तिने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. छापखान्यातून आलेली शेवटची प्रूफं, ‘नसलेलं गाव’, सगळे नियम, प्रशिकने अर्धवट सोडलेली सगळी प्रकरणं पुरी केलेली. मी अधाशासारखा वाचत गेलो. थांबून बोलायचं कसं ते होतं, वाईट माणसाचं चहा पाजणं होतं, मध्यंतर होतं, बकरी होती. मग फाशांचं पान आलं. फासे टेबलावर, उघडे टाकावेत, असं लिहिलं होतं. पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. झाकण कुठेच नाही.

मग मी जो सुरू झालो तो खालचा चष्मेवाला वर येईपर्यंत थांबलो नाही. म्हटलं, मृणाल, एसटी काढ, विहीर काढ, बकरी काढ, मला काढ, पण हा नियम ठेव. अख्खा खेळ या एका झाकणावर उभा आहे. स्टँडवरची ती केबिन, तो रेडिओ, बाबांचा तो आवाज, सगळं त्यात आहे. उभ्या जगात असला नियम कोणाच्या खेळात नाही. चेतन मान डोलवत होता. मी म्हटलं, बाकीचे नियम कोणीही केले असते, हा एकच नियम म्हणजे आपला प्रशिक आहे, तो या पुस्तकात नसेल तर मग कुठे आहे? आई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मृणालने माझं सगळं ऐकून घेतलं. मग कागद टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, त्यांना टाचणी लावली आणि म्हणाली,

“बोलली होती ना मी. काढला.”